सराव पाठाचं रेकॉर्डिंग बघितलं, आता नेमकं काय सुधारायचं?

खडू_डस्टर
बीएडचं दुसरं वर्ष, इंटर्नशिप चालू आहे, गणित मेथड. परवा सहावीवर भिन्न छेदाच्या अपूर्णांकांची बेरीज घेतली. मैत्रिणीने माझा मोबाईल शेवटच्या बाकावर दप्तराला टेकवून ठेवला होता, ३५ मिनिटांचा पूर्ण पाठ रेकॉर्ड झाला. निरीक्षण वहीत शेरा छान आला, फलकलेखन उत्तम, आवाज स्पष्ट, टाचणाप्रमाणे वेळेत पूर्ण, मी पण खूश होते. मग रात्री रेकॉर्डिंग लावलं.

मी फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं, एका मुलीने २/५ सांगितलं, मी म्हटलं "नाही, बस, अजून कोण सांगेल?" मग एकाने ५/६ सांगितलं, त्याला शाब्बास म्हणून पुढे गेले. वर्गात मला वाटलं मस्त चाललंय. पण मोबाईल मागे होता ना, त्यात मागच्या बाकावरचा मुलगा शेजारच्याला हळूच म्हणताना ऐकू येतोय, "अरे २/५ म्हणजे अर्ध्यापेक्षा कमीच की, अर्ध्यात मिळवून कमी कसं होईल?" अख्ख्या पाठात त्याने एकदाही हात वर केलेला नाही. आणि ती मुलगी पाठमोरी दिसते, बसल्या बसल्या वहीतलं खोडतेय, खांदा हलताना दिसतो, मग फळ्यावरचं उत्तर उतरवून घेते. मी तोपर्यंत पुढच्या उदाहरणावर.

ते बघून झोपच लागली नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा पाठ आहे. रेकॉर्डिंग बघायची काही पद्धत असते का? आणि ज्या मॅडमनी चांगला शेरा दिला त्यांना हे दाखवू का?

गणितवाले_सर
आधी एक सांगतो, शेरा खोटा नाहीये. निरीक्षक जे बघायला बसतात ते तुमचं चांगलंच होतं, फक्त मागच्या बाकावरचं त्यांनाही ऐकू गेलं नसणार.

पद्धत म्हणाल तर बीएडला फ्लँडर्स शिकवलाय ना, वर्गात कोण किती बोलतं ते खुणा करून मोजायची पद्धत, तीच वापरा. त्यातले १० प्रकार लक्षात ठेवत बसू नका, तीनच रकाने करा, मी बोलतेय, मुलं बोलतायत, शांतता. दर ३ सेकंदाला एक खूण. ५ मिनिटांच्या बरोबर १०० खुणा होतात, म्हणजे टक्केवारी आयतीच मिळते. पूर्ण पाठाचं करायची गरज नाही, तो २/५ वाला भाग धरून ५ मिनिटं करा आणि शांततेच्या रकान्यात किती खुणा पडल्या ते इथे सांगा.

सातवी_ब
+१. प्रश्न विचारल्यावर किती थांबता तेही मोजा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं, १९७० च्या दशकात. शिक्षक सरासरी साधारण १ सेकंद थांबायचे, तेच ३ सेकंदांच्या वर थांबले की उत्तरं लांब व्हायची आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागायची. तुमचा मागच्या बाकावरचा मुलगा त्यातलाच असेल. ३ सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत पण ४० मुलांसमोर उभं राहून गप्प बसणं फार अवघड जातं हो, मला वर्ष लागलं.

जिल्हापरिषद_शाळा
मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेतलीत का? मुलांचे चेहरे नसले तरी आवाज आहेत. व्हिडिओ बीएडच्या ग्रुपवर टाकू नका, अभ्यास झाला की डिलीट करा. आणि मॅडमना जरूर दाखवा, पण "माझं चुकलं" एवढंच सांगायला जाऊ नका, त्याच वर्गावर परत २० मिनिटं मागा. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या सराव पाठात, ३६ मिनिटांचं चक्र असतं बघा, ६ पाठ, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्पाठ, ६ परत प्रत्याभरण. खऱ्या वर्गावर गेलं की तो पुनर्पाठच गळतो आणि खरी गरज तर तिथेच असते, कारण त्या मुलीला अजून कळलेलं नाही २/५ का चुकलं.

खडू_डस्टर
परवानगी मुख्याध्यापकांची होती, पालकांची नव्हती, ते चुकलंच, डिलीट करते.

त्याआधी सरांनी सांगितलं तसं मोजलं. माझ्या ८१, मुलांच्या १६, शांततेच्या ३. आणि त्या ३ मी फळा पुसत होते तेव्हाच्या 😔

मॅडमना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि काल शेवटचा तास दिला. फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असं लिहून विचारलं, हे उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? आणि मनात पाच आकडे मोजले. तिसऱ्या आकड्याला पोटात गोळा आला होता खरं सांगते. कागदाच्या पट्ट्या दिल्या होत्या, त्या मुलीने एक पट्टी अर्ध्यात दुमडली, दुसरीचे पाच भाग करून दोन भाग तिच्यावर ठेवले आणि स्वतःच म्हणाली, "मॅडम, हे तर कमी पडतंय." मागच्या बाकावरच्याने मात्र हात वर केला नाही. उद्या त्याच्या बाकाजवळ उभं राहून शिकवणार आहे.

सातवी_ब
नक्की करा, आणि तो काय म्हणाला ते इथे लिहा. पट्ट्या तिसऱ्या भागाच्या पण करून न्या, सहा भागांची पट्टी त्याच्याच हातात द्या.