रोजचे नऊ किलोमीटर आणि महिन्यातून दोनदा कोल्हापूर: पेट्रोल घ्यावी की डिझेल?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता):
आमची 2011 सालची डिझेल गाडी आता थकली आहे आणि नवी घेण्यावरून घरात दोन तट पडले आहेत. मी कोथरूडला राहतो आणि कार्यालय बालेवाडीला आहे, म्हणजे एका वेळचे नऊ किलोमीटर आणि गर्दी असली की चाळीस मिनिटे. आई-वडील कोल्हापुरात असल्याने दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी रात्री निघून रविवारी परततो. वर्षाची धाव साधारण 15,400 किलोमीटर होते आणि त्यातील 11,000 महामार्गावरची असते. वडील म्हणतात, लांबचा प्रवास आहे तर डिझेलच घे. बायको म्हणते, डिझेलचा जमाना गेला. शोरूममधील विक्रेत्याचे मत मी जमेस धरलेले नाही, कारण जी गाडी लगेच मिळणार होती तिचेच इंजिन त्याला सरस वाटत होते. आपण सर्वांनी मत द्यावे.

हिशेबनीस:
वडिलांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो जुन्या भावांवर उभा आहे. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले तेव्हा डिझेल 41 च्या आसपास होते, आणि त्या काळात डिझेल गाडी न घेणाऱ्याला लोक वेड्यात काढत. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ती दरी बुजत गेली. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल काही पैशांनी पेट्रोलपेक्षा महाग झाले होते.

आता आजचा हिशेब मांडतो. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरू. पेट्रोल गाडी 12 लाखांची आणि तीच गाडी डिझेलमध्ये साडेतेरा लाखांची. महाराष्ट्रात या किमतीच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के आणि डिझेलला 14 टक्के वाहनकर लागतो, म्हणजे 1,44,000 विरुद्ध 1,89,000. दीड लाखाचा फरक असा पासिंग होईपर्यंत 1,95,000 होतो. पेट्रोलचे अ‍ॅव्हरेज 14 आणि डिझेलचे 18 धरल्यास किलोमीटरमागे 2 रुपये 37 पैसे वाचतात. वरचे पैसे वसूल व्हायला सुमारे 82,000 किलोमीटर, म्हणजे आपल्या धावेप्रमाणे सव्वापाच वर्षे लागतील. विमा आणि सर्व्हिसिंगचा जादा खर्च यात धरलेला नाही.

घाटवाटा:
हिशेबनीस यांचे गणित बरोबर आहे, पण गाडी वहीत चालत नाही. पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागतो (बोगदा परतताना मिळतो), आणि पाच माणसे, सामान व एसी अशा अवस्थेत समोर मालाचा ट्रक रांगत असला की इंजिनाची खरी परीक्षा होते. वानगीदाखल ह्युंदाईची क्रेटा घ्या: तिच्या दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, 144 न्यूटन मीटर आहे, तर तेवढ्याच डिझेलचा 250, आणि तोही इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळतो. डिझेलवाला तिसऱ्या गिअरमध्ये निवांत चढतो, तर पेट्रोलवाला दुसऱ्यात आणून इंजिनाचा आक्रोश ऐकत बसतो. मी रत्नागिरीचा असल्याने आंबा घाट वर्षातून पंधरा वेळा चढतो, तेव्हा हे ऐकीव नाही.

शिवाय पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचे आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. मग हे 14 चे अ‍ॅव्हरेज आले कुठून?

हिशेबनीस:
ते माझ्या स्वतःच्या गाडीचे, टाकी ते टाकी मोजलेले आणि याच वर्षीचे आहे. इथेनॉलचा तोटा त्यात आधीच आलेला आहे.

तेरा-चौदाचा पाना:
वाहन उद्योगात इंजिनांच्या चाचण्यांवर काम करतो, म्हणून एक मुद्दा मांडतो, जो या धाग्यात यायलाच हवा होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. ही गाळणी भरत आली की इंजिन थोडे जादा डिझेल उशिराने सोडते, धुराचे तापमान 600 अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत गाडी चालावी लागते. शहरात दर वेळी ती क्रिया अर्धवट राहिली की जादा सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ओघळून ऑइलमध्ये मिसळते. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती आणि ऑइलला डिझेलचा वास येत होता. ते खूश होते की गाडी ऑइल अजिबात पीत नाही!

तेव्हा वर्षाला किती किलोमीटर, हा प्रश्नच अपुरा आहे. एका खेपेत गाडी सलग किती चालते, हे आधी विचारावे.

घाटवाटा:
मग हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. धागाकर्ते दर पंधरा दिवसांनी सलग 230 किलोमीटर महामार्गावर जातात. गाळणी साफ करायला याहून चांगली सोय कोणती?

तेरा-चौदाचा पाना:
मान्य आहे. त्यांच्या बाबतीत गाळणी तुंबण्याची भीती फारशी नाही. पण मग त्यांनी हिशेब पुन्हा करावा, कारण सरासरीने 14 आणि 18 धरणे त्यांना लागू पडत नाही. महामार्गावर पेट्रोल गाडीही 17 देते आणि डिझेल 21, म्हणजे बचत किलोमीटरमागे 1 रुपया 78 पैशांवर येते. शहरात 11 आणि 15 धरले तर ती 3 रुपये 39 पैसे होते. गंमत पाहा, डिझेल जिथे भरघोस पैसे वाचवते तिथेच ते आजारी पडते, आणि जिथे ठणठणीत राहते तिथे बचत आटते. त्यांची जवळपास तीन-चतुर्थांश धाव महामार्गावरची असल्याने वसुलीला सहा वर्षांच्या आसपास लागतील.

मोकळा श्वास:
पैशांपलीकडेही काही असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्या पाहिल्या की मला तेच आठवते.

घाटवाटा:
तो निष्कर्ष ज्या अभ्यासांवर बेतला, ते जुन्या, गाळणी नसलेल्या इंजिनांच्या काळातले होते. वर ज्या गाळणीला दोष दिला गेला, तीच बहुतेक काजळी अडवते. एकाच गाळणीवर दोन्ही बाजूंनी खटला चालवू नये. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, हे खरे. पण आपल्याकडे तसा नियम नाही.

हिशेबनीस:
आज नाही, हे म्हणणे अधिक नेमके ठरेल. सहा वर्षांनी पैसे वसूल होणार असतील, तर सहा वर्षांनंतरचा नियम आणि जुन्या डिझेल गाडीचा भाव हे दोन्ही प्रश्न आपलेच आहेत. मारुतीने 2020 मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, ते काही हौसेने नाही.

पंचगंगाकाठ:
सर्वांचे आभार. गेल्या शुक्रवारी मेहुण्याची दीड लिटरची साधी पेट्रोल गाडी मागून घेतली आणि पाच जण व सामान भरून कोल्हापूरला गेलो. घाटवाटा यांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले: खंबाटकीत दोनदा दुसरा गिअर टाकावा लागला आणि इंजिनाच्या आवाजात मागच्या सीटवरच्या गप्पा थांबल्या. मी घड्याळ लावले होते. हा प्रकार आठ मिनिटे चालला, आणि पुढे कोल्हापूरपर्यंत कोणाला इंजिनाची आठवणही झाली नाही. महिन्यातून दोनदा येणाऱ्या त्या आठ मिनिटांसाठी जवळपास दोन लाख रुपये मोजायला माझे मन होत नाही, त्यामुळे माझा कौल पेट्रोलकडे झुकला आहे. बुकिंग मात्र अजून केलेले नाही. वडील जुन्या गाडीच्या डिझेलच्या पावत्यांची फाइल काढून बसले आहेत, आणि येत्या रविवारी ती मला ओळीने वाचून दाखवली जाणार आहे.