रस्त्याला ‘मानद नाव’ म्हणायचं का? नामकरण, नामांतर की अजून काही?

नेरूळकर:
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय आणि जरा घाईने हवाय. आमच्या चार सोसायट्यांच्या मधून जो आतला रस्ता जातो त्याला इथल्याच एका शाळेतल्या बाईंचं नाव द्यावं असा अर्ज आम्ही करतोय. बाईंनी वर्षानुवर्षं संध्याकाळी पोरांना घरी बोलावून गणित शिकवलं, एक पैसा घेतला नाही, मागच्या वर्षी वारल्या. तर अर्जाची नोटीस बोर्डावर लावली त्यात कोणीतरी ‘रस्त्याचे नामांतर’ असं टाइप केलं आणि दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले की आता आधार कार्ड बदलायचं का, बँकेत पत्ता बदलायचा का, घराच्या अ‍ॅग्रीमेंटचं काय, आणि आठ जणांनी तर सह्याच मागे घेतल्या. बाईंबद्दल एकाचीही तक्रार नाहीये, घोळ सगळा त्या शब्दाचा.

माझा भाचा शिकागोला असतो, तो म्हणतो तिकडे याची वेगळी सोयच आहे, मूळ नाव नि पत्ता आहे तसा ठेवतात आणि सन्मान म्हणून जास्तीची एक तपकिरी पाटी लावतात. तिथल्या मिशिगन अव्हेन्यूचा आर्ट इन्स्टिट्यूटसमोरचा तुकडा 1995 पासून स्वामी विवेकानंदांच्या नावाने आहे, कारण 1893 ची सर्वधर्म परिषद त्याच इमारतीत भरलेली. पण पत्र पाठवायचं तर मिशिगन अव्हेन्यूच लिहायचं. अशा नावाला मराठीत काय म्हणाल? ‘मानद नाव’ चालेल?

चरईवाली:
दादा, नामांतर तर आधी खोडा. भाषांतर, रूपांतर, स्थलांतर, या सगळ्यात ‘अंतर’ म्हणजे दुसरं, वेगळं. पहिलं सुटतं आणि दुसरं येतं. आमच्या ठाण्यात आग्रा रोडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग झाला ते नामांतर (आमची आई अजून आग्रा रोडच म्हणते आणि रिक्षावाला नेतोसुद्धा). तुमच्याकडे रस्त्याला मुळात नावच नाही ना, सगळा कारभार सेक्टर नंबर आणि प्लॉट नंबरवर, मग नामांतर होणार कशाचं? ते सरळ नामकरण.

आणि नाव असलेल्या रस्त्यालाच जोड द्यायची असेल तर तिसरा शब्द आपल्याकडे तयार आहे, नामविस्तार. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं तेव्हा ‘मराठवाडा’ तसंच राहिलं आणि त्याच्या आधी नाव जोडलं गेलं, म्हणून त्याला नामविस्तार म्हटलं. त्यासाठी जो लढा झाला त्याला मात्र आपण आजही नामांतराचा लढाच म्हणतो, कारण मागणी नामांतराची होती. या दोन शब्दांमधल्या फरकामागे लोकांनी सोसलेली सोळा-सतरा वर्षं आहेत, त्यामुळे हे शब्द नोटिशीत सहज टाकून देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

घणसोलीचा:
ताईंचं बरोबर, पण मला वाटतं लोक घाबरले ते क्रियापदाला. आपल्याकडे नाव ‘ठेवतात’, नाव ‘देतात’ आणि नाव ‘लावतात’, तिन्ही वेगळं. ठेवतात ते बाळाचं, बारशाला. आणि अनेकवचन केलं की अर्थच फिरतो, नावं ठेवली म्हणजे दोष काढले. म्हणून रस्त्याला कोणी नाव ठेवलं असं सहसा म्हणत नाही, नाव दिलं म्हणतो. लावतात ते सातबाऱ्यावर, मालमत्तेवर. इथे आमच्या गावठाणात सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) आल्यापासून, म्हणजे 1970 पासून, जमिनी जाताना नि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळताना घरोघरी हाच जप ऐकत आलोय, कोणाचं नाव लागलं, कोणाचं राहिलं. त्यामुळे कागदावर नाव बदलतंय म्हटलं की पोटात गोळा येणारच. तुम्ही ‘नाव देण्यात यावे’ एवढंच लिहा.

पाचपाखाडी:
‘मानद’ वर दोन शब्द लिहितो, मला हा शब्द फार आवडतो. मान अधिक द, जसं जल देणारा तो जलद म्हणजे ढग, सुख देणारं ते सुखद, तसं मान देणारं ते मानद. म्हणजे मानद पदवी, जी घेणाऱ्याला मान देते. पण पुढे मानद सचिव, मानद खजिनदार असं सुरू झालं आणि सोसायटीच्या बोर्डावर वाचून वाचून आपल्या डोक्यात मानद म्हणजे बिनपगारी, नुसतं नावापुरतं, असं बसलं. ‘मानद रस्ता’ ऐकायला विचित्र वाटतं ते त्यामुळे. मुळाशी गेलात तर ‘मानद नाव’ अगदी नेमकं आहे, माणसाला मान देणारं नाव.

चरईवाली:
काका, मग ‘मानाचं नाव’ का नको? बोलायला सोपं.

पाचपाखाडी:
मानाचा गणपती, मानाची पालखी, मानाचं पान, यात मान त्या वस्तूला असतो, ती पहिली, बाकीच्या मागून. मानाचं नाव म्हटलं तर ते नावच इतर नावांच्या पुढचं असा अर्थ लागेल. अर्थात घरात बोलताना म्हणा की, कोणी अडवत नाही.

आणि खरं सांगायचं तर शिकागोच्या त्या पाटीचं काम आपल्याकडे ‘चौक’ करतो. माणूस गेला की अमुक चौक, पाटी, हार, उद्घाटन, आणि पत्ता कोणाचाच बदलत नाही कारण चौकात कोणी राहत नाही. चौक मूळचा चतुष्क, चारचा, पण हल्ली तीन रस्ते मिळतात तिथेही चौकच लिहितात. त्याला कोकणात तिठा असा सुंदर शब्द आहे तो शहरात बुडाला. नाक्याचं उलट आहे बघा, जांभळी नाका, टेंभी नाका, कोर्ट नाका, तीन हात नाका, माणसाचं नाव एकातही नाही आणि ही नावं हटता हटत नाहीत. आमच्या पाचपाखाडीत पाखाडी म्हणजे दगड बसवलेली वाट, आता सगळीकडे डांबर आणि काँक्रीट आहे तरी शब्द टिकला. माणसाच्या नावाचं टिकतं ते आळीत, खारकर आळी बघा. आडनाव आणि आळी, मध्ये कैलासवासी नाही की काही नाही. पाटीवर तीन पदव्या नि पूर्ण नाव लिहिलं की लोक त्याची आद्याक्षरं करतात, शास्त्रीजींच्या मार्गाचं ‘एलबीएस’ झालं आणि कॉलेजातल्या पोरांना एल म्हणजे कोण ते सांगता येत नाही. मला याचं वाईट वाटतं.

घणसोलीचा:
म्हणून म्हणतो, नाव छोटं द्या. पोरं बाईंना काय हाक मारायची?

नेरूळकर:
आडनाव लावून बाई. संपूर्ण नाव अर्ज लिहिताना मला पहिल्यांदा कळलं.

चरईवाली:
मग तेच द्या. आडनाव, पुढे बाई, पुढे पथ. ठाण्यात शिवाजी पथ, सुभाष पथ आहेत, जिभेवर छान बसतात. मार्ग म्हटलं की कसा सहा पदरी वाटतो, तुमचा रस्ता केवढा?

नेरूळकर:
दोन गाड्या जेमतेम पास होतात. पथच बरं. आत्ता नवी नोटीस लिहिली ती अशी: ‘आपल्या रस्त्याला आजवर नाव नव्हते. त्यास बाईंचे मानद नाव देण्यात यावे, अशी विनंती आपण करत आहोत. कोणाचाही पत्ता बदलणार नाही.’ ठीक वाटतंय का?

पाचपाखाडी:
‘कोणाचाही पत्ता बदलणार नाही’ हे सगळ्यात वर घ्या.

नेरूळकर:
घेतलं काका. उद्या सकाळी लावतो आणि त्या आठ घरांच्या बेल स्वतः वाजवतो.