‘कोटा पूर्ण झाला’ की ‘कोटा भरत आला’?

प्रश्न (परभणी) : येलदरी जलाशयावर मासेमारी करणाऱ्या तरुणांसाठी मी परदेशांतील मासेमारीच्या नियमांची ओळख करून देणारी एक पुस्तिका लिहीत आहे. नौकांच्या एखाद्या गटाला ठरवून दिलेला कोटा गाठला गेला की तेथील सरकार त्या माशाची मासेमारी थांबवते. यासाठी मी ‘उद्दिष्टपूर्तीमुळे मासेमारीबंदी’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का?

उत्तर (लातूर) : आपल्या रचनेतील दोन्ही शब्द मला खटकतात. ‘उद्दिष्ट’ हा शब्द आपल्याकडे तुरीच्या आणि सोयाबीनच्या सरकारी खरेदीमुळे शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचलेला आहे, आणि ‘उद्दिष्ट पूर्ण झाल्याने खरेदी बंद’ ही सूचना ऐकून ट्रॅक्टर माघारी नेणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. परंतु उद्दिष्ट म्हणजे जिथवर पोचायचे ते ठिकाण, आणि मासळीचा कोटा म्हणजे जिच्यापलीकडे जायचे नाही ती मर्यादा. ‘उद्दिष्टपूर्ती’ वाचून तरुणांचा असा समज होईल की तितकी मासळी पकडणे हे त्या नौकांवर बंधनच होते.

‘बंदी’ची अडचण याहून मोठी आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना असते ती खरी बंदी, कारण ती तारखेने लागते आणि तारखेने उठते. कोट्याचा हिशेब मात्र वजनाचा असतो. अमेरिकेतील अलास्कात पॅसिफिक कॉड या माशाचा कोटा ट्रॉल जाळी (नौकेमागे ओढत न्यायची जाळी), गळांच्या दोऱ्या, पिंजरे अशा साधनांनुसार वाटलेला असतो. एका गटाचा वाटा संपला तरी दुसऱ्या गटाची मासेमारी चालू राहू शकते, आणि थांबवलेल्या गटालाही इतर मासे धरताना जाळ्यात आपसूक आलेला कॉड ठराविक प्रमाणात ठेवून घेता येतो. जून २०१० मध्ये युरोपियन आयोगाने ब्लूफिन टूना या माशाची पर्ससीन मासेमारी (थव्याभोवती जाळे टाकून ते खालून आवळण्याची पद्धत) ठरलेल्या मुदतीच्या काही दिवस आधीच थांबवली, तेव्हाही इतर साधनांनी होणारी मासेमारी त्या आदेशात नव्हती. म्हणून ‘कोटा भरल्याने त्या गटापुरती त्या माशाची मासेमारी बंद’ असे लिहावे. वाक्य लांबते हे मान्य आहे, पण अर्थ कोठेही सांडत नाही. नौकांच्या अशा गटासाठी ‘नौकागट’ हा शब्दही ‘ताफा’ या शब्दापेक्षा बरा, कारण ताफा म्हटले की मंत्र्यांच्या मोटारींसारखे एकामागून एक जाणे डोळ्यांपुढे येते.

प्रश्नकर्ता : ‘भरणे’ पटले. माप भरते, तसा कोटा भरतो.

उत्तर (पैठण) : माझी एक दुरुस्ती आहे. ‘भरल्याने’ नव्हे, ‘भरत आल्याने’ लिहावे. जायकवाडीत वरच्या धरणांतून येणारी आवक पाहून नाथसागर काठोकाठ भरण्याआधीच विसर्ग सुरू करतात. कोट्याचेही तसेच आहे. अलास्कातील अधिकारी रोजच्या पकडीचा वेग पाहून बंदचा दिवस आधी ठरवतात आणि आपसूक येणाऱ्या मासळीसाठी कोट्यातील काही भाग मुद्दाम राखून ठेवतात. कोटा पूर्ण भरेपर्यंत थांबले, तर समुद्रात असलेल्या नौकांची पकड त्यावर जाईल. येलदरीच्या मुलांना पाण्याची ही भाषा लगेच कळेल.