मदत हवी आहे : बादलीच्या सूत्रातला तिसरा गुणाकार कुठून आला?

नमस्कार मंडळी,

मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. भूमितीत महत्त्वमापन चालू आहे. वृत्तचिती, शंकू, गोल इथपर्यंत गाडी बरी चालली, शंकूछेदाशी, म्हणजे टोक कापलेल्या बादलीसारख्या शंकूशी अडली. त्याच्या घनफळाचं सूत्र तिला पाठ आहे : एक तृतीयांश × पाय × उंची × (मोठ्या त्रिज्येचा वर्ग + लहान त्रिज्येचा वर्ग + दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार). "आई, एक वर्ग तोंडाचा, एक बुडाचा. हा तिसरा कोणाचा?" असं ती विचारते. क्लासमध्ये उत्तर मिळालं की पाठ करून टाक, सिद्धता विचारत नाहीत. मला हे अजिबात पटलं नाही. पोर विचारतेय तर तिला कळायलाच हवं.

आम्ही परळला चाळीत राहतो. पहाटे पाणी आलं की बादली भरून पिंपात ओतायची, हे रोजचंच. म्हणून तीच बादली मोजायला घेतली. आधी टेप कडेला लावून तिरकस उंची घेतली होती, ती चूक तिनेच पकडली. आतून मापं अशी : बुडाचा व्यास २० सेंमी, तोंडाचा २८, सरळ उंची २८.

पाय ३.१४१६ धरून तीन रीतींनी केलं. सरासरी त्रिज्या १२ घेऊन वृत्तचिती मानली तर १२,६६७ घन सेंमी. तोंड आणि बूड यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर १३,०१९. सूत्राने १२,७८४. मग पिंपात ओतताना लिटरच्या मापाने मोजलं : १२ मापं पूर्ण, तेरावं पाऊण किंवा किंचित वर. म्हणजे सूत्र बरोबर. पण सरासरी का चालत नाही आणि तो गुणाकार कुठला, हे इंटिग्रेशन न वापरता कोणी सांगेल का?

प्रतिसाद

ताई, बादलीच्या कडा मनात खाली वाढवत न्या. त्या एका टोकाला मिळतील आणि पूर्ण शंकू होईल. तुमची बादली म्हणजे या मोठ्या शंकूतून खालचा लहान शंकू कापून उरलेला भाग. उभा छेद घेतला की समरूप त्रिकोण दिसतात. त्रिज्या १४ आणि १०, उंचीतला फरक २८, म्हणून मोठ्याची उंची ९८, लहानाची ७०. आता वजाबाकी : १९६ × ९८ = १९,२०८, त्यातून १०० × ७० = ७,००० गेले, उरले १२,२०८. सूत्राने पाहा : (१९६ + १०० + १४०) × २८, तेही १२,२०८. एक तृतीयांश आणि पाय दोन्हीकडे सारखेच.

हेच अक्षरं घेऊन केलं की मोठ्या त्रिज्येच्या घनातून लहानीचा घन वजा होतो आणि भागाकार त्रिज्यांच्या फरकाने. आठवीत घनांच्या वजाबाकीचे अवयव पाडले होते ना, त्यातलं मधलं पद म्हणजे तुमच्या लेकीचा तिसरा गुणाकार.

प्रतिसाद

सरासरीबद्दल. तुमची पहिली रीत ११७ ने कमी पडली, दुसरी २३५ ने जास्त झाली, साधारण दुप्पट. हा योगायोग नाही, कोणत्याही शंकूछेदाला असंच होतं. म्हणून पहिलं उत्तर दोनदा, दुसरं एकदा धरून तिनाने भागा, बरोबर घनफळ येईल.

आणि मुलीला हेही सांगा : सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या, आता मॉस्कोत असलेल्या इजिप्शियन पपायरसवर माथा कापलेल्या चौरस पिरॅमिडचं गणित आहे. बाजू ४ आणि २, उंची ६. तिथे १६, ८ आणि ४ मिळवून २८ केले आहेत आणि उंचीच्या तिसऱ्या हिश्शाने, म्हणजे २ ने, गुणून ५६. तो मधला ८ म्हणजे ४ गुणिले २.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिने वजाबाकी स्वतः केली, मग अक्षरांनीही केली, आणि तो ८ पाहून केवढी खूश झाली! पण आता तिचा पुढचा प्रश्न : शंकूचा एक तृतीयांश तरी कुठून आला? पुठ्ठ्याचा शंकू करून तो तांदळाने तीनदा भरून ओतला की तेवढ्याच तोंडाचा आणि उंचीचा डबा भरतो, हे मी दाखवलं. "हे दिसलं, पण का?" म्हणते. याचंही कोणी सांगाल का?