धातू की मूलद्रव्य? आणि फॉस्फरस 'रंजक' कसा?

येळ्ळूरकर
बेळगावजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी मूलद्रव्यांचा तक्ता लावायचा आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची पोरं येतात, म्हणून दोन रकाने. कन्नड रकाना पुतणीने लिहिला. पहिलंच वाक्य : 'आम्लजनकवु ओंदु धातु.' मी म्हटलं, अगं, ऑक्सिजन धातू कसा? धातू म्हणजे लोखंड, तांबं, जस्त. ती म्हणाली, काका, त्याला आमच्या पुस्तकात 'लोह' म्हणतात, 'धातु' म्हणजे सगळीच्या सगळी ११८ मूलद्रव्यं. पुढे फॉस्फरसला तिने 'रंजक' लिहिलंय. इथली मुलं दोन्ही लिप्या वाचतात, त्यामुळे शेजारशेजारच्या रकान्यांत एकच शब्द दोन अर्थांनी येणार. काय करावं?

शहापूर_पेठ
पुतणीचं बरोबर आहे. 'धा' म्हणजे धारण करणे. जे मुळाशी राहून बाकीच्याला धरून ठेवतं तो धातू. व्याकरणात क्रियापदाचं मूळ म्हणजे धातू. आयुर्वेदात रस, रक्त, मांसापासून सप्तधातू. त्यात धातूचं भांडं कुठं आहे? कन्नडने जुना अर्थ सांभाळला, आपण आकसून घेतला. आपण जिला पंचधातूची मूर्ती म्हणतो तिला ते पंचलोहाची म्हणतात, आणि मूर्ती एकच असते.

वडगावची
मग डॉक्टरांनी 'रक्तात लोह कमी आहे' असं मराठीत सांगितलं, तर कन्नड शाळेतल्या मुलीने काय समजायचं? माझ्या लेकीने खरंच विचारलं होतं, 'कुठलं लोह?' तिच्यासाठी लोखंड म्हणजे 'कब्बिण'. व्युत्पत्ती जुनी असेल, खरं तक्ता आजच्या पोरांसाठी आहे. मराठी रकान्यात 'मूलद्रव्य'च ठेवा.

खानापूर_शेती
'रंजक' शब्दावर माझंही पाऊल अडलं होतं. मातीपरीक्षणाचा कागद कन्नडमध्ये आला, त्यात सारजनक, रंजक, पोट्याश. वडील मराठी शाळेत शिकलेले, त्यांना नत्र, स्फुरद, पालाश माहीत. मी वाचून दाखवलं, 'रंजक कमी आहे'. ते म्हणाले, म्हणजे काय? आमची माती जांभी. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, भाताच्या मुळांना सुटून मिळत नाही. म्हणजे नेमका तोच शब्द कळला नाही, ज्याच्यावर खताचा हिशेब होता.
तसं दुकानात कुणी स्फुरदही म्हणत नाही. 'दहा-सव्वीस-सव्वीस दे' म्हणतात, म्हणजे खतातले नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के. त्यातले मधले २६ म्हणजे शुद्ध फॉस्फरस असंही बरेचजण धरून चालतात. तो आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा असतो, मूलद्रव्य म्हणून काढलं तर ११ टक्क्यांच्या आसपास.

शहापूर_पेठ
रंजक मराठीत परका नाही. तोफेच्या कानात जी दारू घालून बत्ती देत, तिला आपल्याकडे रंजकच म्हणत. भप्पकन पेट घेणारी ती रंजक. पांढरा फॉस्फरसही उघड्या हवेत आपोआप पेट घेतो. माझ्या मते नाव तिथूनच आलं.

रसायनवाला
याला आधार हवा. 'स्फुरद'चं मात्र सरळ आहे, स्फुरणं म्हणजे चमकणं. १६६९ मध्ये हॅम्बुर्गला हेनिग ब्रँडने मूत्र आटवून फॉस्फरस मिळवला, तो अंधारात उजळत होता. ग्रीक नावाचा अर्थही प्रकाश आणणारा. इतकं अचूक नाव आपल्याकडे असताना ते टाकू नये. 'प्राणवायू'सुद्धा ठेवा. कन्नडचं 'आम्लजनक' हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या 'ऑक्सिजन' (आम्ल तयार करणारा) या शब्दाचं भाषांतर आहे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो असं तो मानायचा. मिठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक) तो नसतो हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८१० मध्ये दाखवलं. चुकलेल्या समजुतीवरचं नाव मुलांना कशाला?

वडगावची
सर, 'प्राणवायू'ही पुरा पडत नाही. पृथ्वीच्या कवचात वजनाने सर्वांत जास्त ऑक्सिजनच आहे, जवळजवळ ४६ टक्के, आणि तो दगडात बांधलेला. घराच्या जांभ्या चिऱ्यात वायू आहे असं मुलांना सांगायचं का? २०२१ मध्ये सिलिंडरसाठी धावताना आमच्या गल्लीत कुणी प्राणवायू म्हटलं नाही. ऑक्सिजन हा आता मराठी शब्द आहे.

रसायनवाला
धावपळीत तोंडात येतो तोच शब्द मराठी, असं म्हणाल तर उद्या लोखंडही जाईल. नत्र, कर्ब, स्फुरद हे शब्द शेतकऱ्यांनी टिकवले आहेत. 'सेंद्रिय कर्ब' आजही बांधावर बोलतात. ते तक्त्यावर यायलाच हवेत.

उद्यमबाग_फाउंड्री
आमच्या भट्टीवर ओतकाम करणारे निम्मे कन्नड, निम्मे मराठी. बिडात (ओतीव लोखंडात) कार्बन किती, सिलिकॉन किती, हे दोघंही असंच बोलतात. शब्दावरून कास्टिंग कधी अडलं नाही. मला वेगळंच विचारायचंय. यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात, म्हणजे हा धातू आमच्या दारातला. मग आमची आजी ॲल्युमिनियमच्या डेचकीला 'जर्मल' का म्हणायची?

खानापूर_शेती
आमच्यातही जर्मलच! आमटी जर्मलमध्ये, ताक मात्र कधीच नाही.

रसायनवाला
मूळ 'जर्मन सिल्व्हर'. त्यात चांदी नसतेच. तांबं, निकेल आणि जस्त. पांढरं आणि चकचकीत म्हणून तेच नाव पुढे ॲल्युमिनियमला चिकटलं असावं. ताकाचं आजींना बरोबर कळत होतं, आंबटात ॲल्युमिनियम विरघळतं.

वडगावची
म्हणून तर पितळेला कल्हई. आमच्या गल्लीत कल्हईवाला भाता मारून भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाने एका दमात फिरवायचा. काळं पडलेलं पातेलं आतून आरशासारखं व्हायचं. कल्हई उडाली की आमटी कळकायची, म्हणजे पितळ लागून बिघडायची. 'कळकणे'ला आत्ताच्या मुलांकडे शब्दच नाही.

शहापूर_पेठ
कथलाला कन्नडमध्ये 'तवर'. संस्कृतात त्रपु. जस्ताला ते 'सतु' म्हणतात. जस्त आणि सतु एकाच मुळाचे असावेत असं मला फार दिवस वाटतंय.

येळ्ळूरकर
मंडळी, तक्ता रविवारी छापायला जायचाय. धातूचं काय करू?

उद्यमबाग_फाउंड्री
'कळकणे' आमच्याकडे फक्त तांब्या-पितळेसाठी. जर्मलमधलं आंबट बिघडलं तर काय म्हणायचे, कुणाला आठवतंय का?