नेपाळमध्ये दिव्यांग मुलांसोबत व्हॉलंटियरिंग करायचंय, पण अनाथाश्रमात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला लहान मुलांच्या सेंटरमध्ये काम करते, बहुतेक मुलं सेरेब्रल पाल्सीची (मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाली नीट न होणारी). दिवाळीनंतर नोकरी बदलतेय आणि मधे दोनेक महिने मोकळे मिळतायत, ते नेपाळमध्ये अशाच मुलांसाठी द्यावेत असं डोक्यात आहे. नेपाळच का, तर आपल्याला व्हिसा लागत नाही, खर्च झेपतो आणि भाषा थोडीफार तरी कानावरून जाते.

अडचण अशी की गूगल केलं की आधी पॅकेजवाल्या एजन्सीच येतात. एकीशी बोलले, नाव लिहीत नाही. दोन आठवडे काठमांडूच्या अनाथाश्रमात, तिथे दिव्यांग मुलं "पण" आहेत, वीकेंडला पोखरा, आणि पैसे म्हणाल तर अव्वाच्या सव्वा. फॉर्ममध्ये टी-शर्टचा साइज विचारलाय, व्हेज की नॉनव्हेज विचारलंय, पण डिग्री, रजिस्ट्रेशन, पोलीस व्हेरिफिकेशन, काही म्हणजे काही नाही! मुलांच्या फाइल्स आधी बघायला मिळतील का विचारलं तर म्हणे "मॅम तुम्ही फक्त खेळायचं, त्यांना प्रेम हवंय". अहो पण ज्याचे पाय कडक आहेत त्या पोराला नुसतं कडेवर घेऊन फिरवून काय होणार, त्याला बसवायचं कसं, भरवताना मान कशी धरायची, स्प्लिंट (हातपाय नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) किती वेळ घालायचं हे त्याला रोज सांभाळणाऱ्या बाईला शिकवायला हवं, मी तर निघून जाणार. आणि मला काहीही चौकशी न करता आत घेतायत तर बाकी कोणाकोणाला घेत असतील?

मग वाचत बसले. युनिसेफ म्हणतं नेपाळच्या अनाथाश्रमांतल्या साधारण ८५ टक्के मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत आहेत. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धाच्या काळात हुमलासारख्या लांबच्या जिल्ह्यांतून दलालांनी शाळेचं आमिष दाखवून, वर आईबापांकडूनच पैसे घेऊन पोरं काठमांडूत आणली. आणि बहुतेक आश्रम कुठे, तर काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की, म्हणजे आपलं पोखरा. जिथे टुरिस्ट तिथेच बरे अनाथ होतात सगळे!

तर आश्रम नको हे पक्कं. काठमांडूजवळच्या बनेपाला दिव्यांग मुलांचं एचआरडीसी नावाचं हॉस्पिटल आहे, वाकड्या पावलांची मुलं वगैरे बघतात, गावोगावी कॅम्पही घेतात. तिथे किंवा अशा कुठल्या ठिकाणी, जिथे मूल घरीच राहतं आणि थेरपिस्ट घरी जातो, आपल्याकडचं कोणी काम करून आलंय का? दोन महिन्यांसाठी घेतात का, की सहा महिने तरी हवेत म्हणतात? आणि नेपाळ हेल्थ प्रोफेशनल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन आपण काढायचं की संस्था काढून देते? थेट पेशंटला हात लावायला परवानगी नसली तरी चालेल, तिथल्या स्टाफसोबत बसून शिकवायची तयारी आहे.

अपडेट: खाली दोघातिघांनी विचारलंय की मेळघाट सोडून नेपाळ कशाला. मुद्दा बरोबर आहे, पण इथे कॅम्पला जातेच आणि पुढेही जाणार, त्यामुळे तो वाद इथे नको प्लीज. दुसरं, "सगळ्यांनी जाणं बंद केलं तर त्या मुलांचं कसं होणार" असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, मूल घरी परत पाठवायला मदत करणाऱ्या संस्था तिथे आहेत, पैसे द्यायचेच तर त्यांना द्यावेत असं माझं मत. खरोखर ज्यांचं कोणी नाही त्यांनाही दर पंधरा दिवसांनी नवीन "दीदी" येऊन रडत निरोप घेऊन जाणं बरं नाहीच, लहान मुलं त्यानंतर कोणालाही जाऊन बिलगतात, ते आपल्याला गोड वाटतं एवढंच.

अजून एक, गोरखपूर-सुनौलीवरून बसने जायचा विचार आहे, सोबत स्प्लिंटचं मटेरियल आणि थेरपी बॉल असतील. बॉर्डरवर कस्टमवाले अडवतात का? बिलं जवळ ठेवली तर पुरतं की संस्थेचं पत्र आधी मागवून घेऊ?