मदत हवी आहे: शनिवारी लेखिका येणार, प्रती किती मागवू?

पुस्तकवाला_नवीपेठ: नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. शनिवारी संध्याकाळी सहाला इथं सोलापुरात आपल्या दुकानात लेखिका येणारेत, थोड्या गप्पा मग सह्या. प्रकाशक आजच आकडा सांगा म्हणून मागे लागलाय. मी 50 म्हणतोय, बायको म्हणते मागच्या कार्यक्रमाचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे. किती मागवू? फक्त आकडा सांगा, भाषण नको.

सातरस्ता: कादंबरी की कविता? किंमत? उरलेल्या परत घेणारेत का? काहीच न सांगता आकडा विचारताय, आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत का?

पुस्तकवाला_नवीपेठ: कथासंग्रह. 350. परत घेत नाहीत, रोखीनं घेतल्या तर 35 टक्के सूट.

जुना_विक्रेता: मग 25 च्या वर जाऊच नका. प्रत पडते 227 रुपये 50 पैशांना, 50 घेतल्या की 11,375 अडकले. त्या दिवशी 10 टक्के सूट द्याल म्हणजे 315 ला विकणार, 37 प्रती गेल्यावर कुठं मुद्दल सुटतं, आणि चहा-बिस्किटं वेगळीच. कमी पडल्या तर नावं लिहून घ्या, लेखिकेकडून कोऱ्या स्टिकरवर सह्या घेऊन ठेवा, नंतर चिकटवा.

निवृत्त_मास्तर: दुकानात कसला कार्यक्रम? फडकुले सभागृह घ्या. लेखकाचा मान राहतो.

सातरस्ता: मास्तर, भाडं तुम्ही भरणार का? सभागृहात तीस माणसं बसली की आलंय कोण असं वाटतं, दुकानात तीसच माणसं पायरीपर्यंत उभी राहतात.

काव्यवेडा: माझा कवितासंग्रह छापून तयार आहे, पुस्तकाचा ओळख क्रमांक असतो ना, आयएसबीएन, तो कसा काढतात? एक जण तीन हजार मागतोय.

जुना_विक्रेता: सरकारकडून फुकट मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा. आणि धागा वेगळा काढा की.

वाचनवेडी: आकड्याचं माहीत नाही, पण टेबलावर चिठ्ठ्या ठेवा. ज्याला सही हवी त्यानं नाव स्वतः लिहून पहिल्या पानात खोचायचं. आपल्याकडं तेलुगू, कन्नड आडनावं, बाहेरच्यांना ऐकून कळत नाहीत. एका कार्यक्रमात 'यन्नम'चं 'येनम' झालं, त्या काकांनी पुस्तक तसंच पिशवीत घातलं, चेहरा मात्र बघवेना. शाईचं पेनही नको, गुळगुळीत कागदावर वाळत नाही, पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही.

शेंगाचटणी: शाल देऊ नका हं, सोलापुरी चादर द्या, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली आहे.

सातरस्ता: का बे, ती चादर घेऊन बाईंनी रेल्वेत फिरायचं? शेंगाचटणी दे की, नावच घेतलंयस.

शेंगाचटणी: चटणी तर देणारच, आणि कडक भाकरी. पण डब्यातनं तेल गळून पुस्तकं खराब झाली तर बोलू नका.

जुना_विक्रेता: चादर-चटणी राहू दे. बाई येणार कुठून, कशानं?

पुस्तकवाला_नवीपेठ: पुण्याहून. दुकानातल्या पोराला सांगितलंय हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढ म्हणून, स्टेशनवरून मी घेतो.

सातरस्ता: शनिवारचं?

पुस्तकवाला_नवीपेठ: हो, शनिवारचंच.

जुना_विक्रेता: अहो, हुतात्मा सकाळी इथून पुण्याला जाते आणि संध्याकाळी तिकडून निघते! ती येईपर्यंत तुमचे लोक जेवून झोपलेले असतील. आपण आयुष्यभर तिनं पुण्याला जाऊन परत येतो, म्हणून डोक्यात तेच बसलंय.

वाचनवेडी: दुपारपर्यंत पोचणारी गाडी बघा आधी.

पुस्तकवाला_नवीपेठ: थांबा, पोराला फोन लावतो.

पुस्तकवाला_नवीपेठ: काढलंच नव्हतं त्यानं, विसरला होता. पहिल्यांदाच त्याच्या विसरण्याचा उपयोग झाला. सकाळच्या गाडीचं काढायला लावलंय. प्रती 30 सांगितल्या, बायकोचा आकडा 20 होता.

काव्यवेडा: माझ्या पुस्तकाच्या पाच ठेवाल का दुकानात?